हर्षालीचा दुसरा प्रश्न

गेणभाऊ दिल्लीतल्या फ्लॅटवर स्वतः चालून आले, तेव्हाच हर्षालीनं ओळखलं की माणूस आतून हललाय. केंद्रात राज्यमंत्री झालेला माणूस विरोधी पक्षातल्या नवख्या खासदारणीच्या दारात उगाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला तिचा प्रश्न होता. बिबट्यांचे माणसांवर होणारे हल्ले आणि ते थांबवायला सरकार काय करतंय, असा. प्रश्नांचा क्रम ठरवायच्या चिठ्ठ्यांमध्ये तिचं नाव वर निघालं होतं. उत्तर द्यायचं होतं गेणभाऊंच्या खात्यानं, आणि मोठे मंत्री परदेशात असल्यामुळं उभं राहायचं होतं खुद्द गेणभाऊंनी.

"ताई, आपण शेजारच्या तालुक्यातली माणसं," सोफ्यावर टेकत गेणभाऊ म्हणाले. "तू आंबेगावची, मी जुन्नरचा. जुनं काय आसंल ते आपल्यात ठिवू. सभागृहात उकरून काय मिळणार?"

"जुनं कशाला काढू भाऊ?" हर्षालीनं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. "मी तर तुमचं कौतुक करणार हाय उद्या."

गेणभाऊंनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. मग हसले आणि चहा प्यायले. कौतुक हा शब्द त्यांना सोडवत नसे. हर्षालीला ते चांगलं ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं त्या माणसाची झाडून सगळी भाषणं तिनं ऐकली होती. बायका मालिका बघत, तेव्हा ती गेणभाऊ बघत बसे. हातात कागद असला की ते सांभाळून बोलत. कुणी फुगवलं की कागद खाली ठेवत, आणि मग जिभेला लगाम राहत नसे.

पारगावजवळच्या वस्तीवर हर्षालीचं घर होतं. अंगणाला लागूनच ऊस. एका संध्याकाळी ती गोठ्यात म्हशीची धार काढत होती आणि तिची चार वर्षांची लेक ईश्वरी ओट्यावर खेळत होती. धारेच्या आवाजात तिला दुसरं काही ऐकू आलं नाही. चरवी घेऊन बाहेर आली तर ओटा रिकामा. पोरगी उसात सापडली.

त्याआधी महिनाभर वस्तीची माणसं पिंजरा मागत होती. पिंजरा मंजूर झाला, जुन्नरहून निघाला असंही कळलं, पण वस्तीवर काही आला नाही. पोरगी गेल्यावर आले ते गेणभाऊ. तेव्हा ते शेजारच्या जुन्नरचे आमदार होते. सोबत चॅनेलवाले. हर्षाली आत भिंतीला टेकून बसलेली, आणि दारात उभं राहून गेणभाऊ कॅमेऱ्यापुढं म्हणाले, "सरकार काय घरोघरी राखण करणार? आयांनीबी लेकरांकडं लक्ष द्यायला पायजे. मोबाइलमधून डोकं वर काढलं, तर बिबट्या दिसंल ना!"

ते वाक्य दोन्ही तालुक्यांत फोनाफोनी फिरलं. हर्षालीचा मोबाइल तेव्हा घरात चार्जिंगला होता, हे कुणी विचारलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. सासूबाई, कुशाबाई, येणाऱ्याजाणाऱ्यापुढं म्हणायच्या, "एवढा मोठा माणूस टीव्हीवर खोटं बोलंल व्हय?" नवरा, आदेश, काही बोलायचा नाही. पण "गप बस आई" असंही त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. हर्षालीनं फक्त ऐकून ठेवलं.

वर्षभरानं जुन्नरचा गफूर वस्तीवर आला. त्याची भाड्याची पिकअप होती. बायकोला, जहाँआराला, सोबत घेऊन आला होता. बराच वेळ अंगणातच उभा राहिला.

"ताई, तुमच्या वस्तीचा पिंजरा माज्याच गाडीत व्हता," तो अखेर म्हणाला. "नारायणगावात चहाला थांबलो. गेणभाऊ साहेबांच्या माणसाचा फोन आला, गाडी आळ्याकडं फिरव. तिकडं साहेबांची डाळिंबाची बाग हाय. त्यांचं इलायती कुत्रं बिबट्यानं नेलं व्हतं. दुसरं कुत्रं राखायला पिंजरा तिथंच उतरवला. वनखात्याचे दोन गार्ड व्हते संगं. त्यांनी माना खाली घातल्या. आन दोनच दिवसांनी तुमची पोरगी..."

जहाँआरा पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. हर्षाली रडली नाही.

"गफूरभाऊ, आता कुनापुढं बोलू नका," ती म्हणाली. "आता बोललात तर तुमची गाडी जळंल आन माजं कुनी ऐकणार न्हाई. मी सांगंन तवा बोलायचं. बोलाल ना?"

"पोरांची शपथ, बोलंन."

त्या दिवसापासून हर्षालीला गाढ झोप लागायला लागली. आळेफाट्यावर तिनं रस्ता अडवला, पंचायत समितीला उभी राहिली, मग जिल्हा परिषद, आणि शेवटी लोकसभा. दुःख गिळून बाई समाजासाठी झटते, असं पेपरवाले लिहायचे. हर्षाली वाचायची आणि पेपर घडी करून ठेवायची. तिला गेणभाऊंच्या समोर, ते उठून जाऊ शकणार नाहीत अशा जागी, उभं राहायचं होतं.

ती जागा आता मिळाली होती.

अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. गेणभाऊंनी उत्तर पटलावर ठेवल्याचं सांगितलं आणि बसले. अध्यक्ष म्हणाले, "पुरवणी प्रश्न." हर्षाली उठली. मराठीत बोलणार असल्याचं तिनं आधीच कळवलं होतं. इतर खासदारांनी भाषांतर ऐकायला कानाला यंत्रं लावली. गेणभाऊंना त्याची गरज नव्हती.

"अध्यक्ष महोदय, मंत्रीमहोदय आमच्याच भागातले आहेत. बिबट्याचा प्रश्न त्यांच्याइतका जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. त्यांनी हा छापील कागद बाजूला ठेवून स्वतःच्या अनुभवातून सभागृहाला सांगावं, लहान मुलांचे बळी नेमके कशामुळं जातात?"

मागे बसलेल्या अधिकाऱ्यानं लगबगीनं चिठ्ठी पुढं धाडली. गेणभाऊंनी ती न बघताच बाजूला सारली.

"ताईंनी मराठीत विचारलं, मीही मराठीतच सांगतो," ते छाती काढून म्हणाले. "पिंजरे आहेत, पथकं आहेत, सरकार कमी पडलेलं नाही. पण खरं बोलायचं तर घरच्यांचं लक्ष नसतं. आया मोबाइलमध्ये असतात. हे कडू आहे, पण कुणीतरी बोलायला हवं."

भाषांतर कानात पोहोचायला एक क्षण लागला. मग विरोधी बाकांवरच्या बायका एकदम उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी सगळ्यांना खाली बसवलं. हर्षाली तशीच उभी होती. तिचा आवाज साफ होता.

"माझा दुसरा प्रश्न. अध्यक्ष महोदय, माझी ईश्वरी गेली तेव्हा मी म्हशीची धार काढत होते. मंत्रीमहोदयांनी तेव्हाही माझ्या दारात उभं राहून हेच सांगितलं होतं. माझं एवढंच विचारणं आहे. आमच्या वस्तीसाठी निघालेला पिंजरा त्या दिवशी कुठं होता?"

"हा राज्याचा विषय आहे," अध्यक्ष गेणभाऊंना म्हणाले. "आपण उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

इथं गेणभाऊ सुटले असते. नुसतं बसून राहिले असते तरी सुटले असते. पण आपल्याच भागातली एक बाई सगळ्या देशापुढं आपल्याला विचारतेय आणि आपण गप बसलोय, हे त्या माणसाला सोसण्यासारखं नव्हतं. ते ताडकन उठले.

"देतो उत्तर! मी तेव्हा शेजारचाच आमदार होतो. पिंजरा त्याच वस्तीवर लावलेला होता. मी डोळ्यांनी पाहिलाय. जबाबदारीनं सांगतो."

"आभारी आहे," हर्षाली म्हणाली आणि खाली बसली.

बाहेर येऊन तिनं गफूरला फोन लावला. "गफूरभाऊ, आता बोला."

गफूर बोलला. जुन्नरच्या बाजारात, पिकअपच्या फाळक्यावर बसून, जो माइक पुढं येईल त्यात बोलला. त्याचं ऐकून एक निवृत्त गार्ड बोलला, मग दुसराही बोलला. मंत्र्यानं सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हर्षालीनं हक्कभंगाची नोटीस दिली. कुत्र्याची गोष्ट देशभर गेली. त्यावर हसावं की रडावं लोकांना कळेना. अधिवेशन संपायच्या आत प्रकृतीचं कारण सांगून गेणभाऊंनी राजीनामा दिला.

गफूर बोलला त्या दिवशी पहिला फोन घरून आला होता. कुशाबाई होत्या. "हर्षे, कुत्र्यापायी गं? आपली ईसू कुत्र्यापायी गेली?" आणि त्या हमसून रडायला लागल्या.

"व्हय. कुत्र्यापायी," हर्षाली म्हणाली. रडू नका, असं ती म्हणाली नाही. म्हाताऱ्या बाईचं रडं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग फोन ठेवला. आदेशचे फोन येत राहिले, ते तिनं घेतले नाहीत.

पुढं उन्हाळ्यात ओतूरला एका लग्नात गेणभाऊ दिसले. एरवी ते मांडवात शिरले की अर्धा मांडव उभा राहायचा. आज पाणी विचारायलाही कुणी पुढं झालं नाही. ते तिला बघून जवळ आले. दाढी वाढलेली, धोतराचा सोगा मातीत लोळत होता.

"नातू बोलत न्हाई माज्याशी," ते हळू आवाजात म्हणाले. "शाळंत पोरं कुत्र्यासारकी भुंकत्यात त्याच्यावर. झालं ना तुजं समाधान?"

हर्षाली थांबली. आपल्याला आता या माणसाची कीव येईल, असं तिला वाटलं होतं. तिनं मनात चाचपून पाहिलं. त्या पोराचं वाईट वाटलं. गेणभाऊंचं नाही वाटलं.

"समाधान कशाचं व्हतंय भाऊ? पोरगी थोडीच यायचीय," ती म्हणाली. "पण बरं वाटलं. लई बरं वाटलं."

हर्षालीनं पदर खोचला आणि बायकांच्या पंगतीत जागा धरली. वाढपी आला तेव्हा तिनं मासवडी मागून घेतली, रस्सा दोनदा घेतला, आणि सावकाश, पोटभर जेवली.