नळीवरची रेघ

तपासणीच्या नळीवरची ती निळी रेघ... तिथपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही, आणि त्याआधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही काही. एवढंच तर आहे. पण शिवांजलीचं तोंड सकाळपासून कोरडंठाक. थुंकायचं म्हटलं की थुंकीसुद्धा रुसते.

आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं – दोष जनुकातला, जन्मापासूनचा आहे, लेकीत उतरण्याची शक्यता अर्धी, तपासून घ्या, वेळेत कळलेलं बरं. बरं... कुणाला बरं? दहाव्यापर्यंत तिलाही ते पटलं होतं.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, सगळ्यांनी बोलून पाहिलं – रान विकणार नाही, नातीला शिकवू, शिवांजलीला अंतर देणार नाही – आणि तो आपला फांदीवर मान वाकडी करून बसलेला. मग धोंडुकाकी, आईची धाकटी जाऊ, पुढं झाली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आक्का, पोरीला म्या कवाच सांगणार न्हाई. तुमचीच हाय ती. जावा आता निवांत." आणि तो मेला लगेच खाली उतरून पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. शिवांजली मात्र तिथंच अडकली ती अजून... काय सांगणार नाही? काकीला पाठोपाठ मुलं, आईला कितीतरी वर्षं काही नाही, आणि मग एकदम मी? काकीनं बारशालाच मला आईच्या ओटीत घातलं असेल. आपल्याकडं घालतात, आणि एकदा घातलं की घरात कुणी त्याचा उच्चारही करत नाही.

दोष निघाला तर आई माझीच, आणि तिचं दुखणंही माझंच. नाही निघाला तर... तर काहीच कळत नाही. जिवावरचं टळलं म्हणून हसायचं की पोरकी झाले म्हणून रडायचं, हे नळी थोडीच सांगणार? डोकं नुसतं भणभणतंय.

"शिवे, चा निवाय लागलाय." काकी. शिराळ्याहून सांगलीला मुद्दाम आलेली, सोबतीला म्हणून.

"काकी, त्या दिवशी कावळा कशानं शिवला गं?"

काकीनं पदराला हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसत राहिली.

"ऊन लय व्हतं. भूक लागली आसंल त्याला."

हसू आलं, आणि हसता हसता संताप. किती जीव लावते ही बाई, आणि किती सहज खोटं बोलते... असू दे, माझ्यात असू दे तो दोष, आईचं तेवढं तरी – हे कोण म्हणालं? मीच? देव्हाऱ्याकडं बघत मागून बसले की काय मी?

"आई, माझा डबा?" दप्तर अडकवत प्रांजल दारात उभी. तिची लेक. आपल्यात असेल तर हिच्यातही...

मागितलेलं परत कसं घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं, तिला कळेना. तोंडात आता पाणी जमत होतं, हवं तेवढं, आणि नळी हातात धरून ती ते गिळत राहिली.