पाठीवरचा चौथा चौकोन

मास्तरांच्या पाठीला महिन्यातून दोनदाच माणसाचा हात लागायचा, आणि तोही क्रीमच्या चाचणीपुरता. उगाच कशाला लपवायचं? त्या हातासाठीच ते जायचे. जन्मभर शिवणकाम केलं, हजारो पाठी मापल्या. पण बायको गेल्यापासून यांच्या पाठीला विचारतो कोण!

चाचणीघरातली मुलगी त्यांच्या पाठीवर आठ चौकोनी पट्ट्या चिकटवायची. प्रत्येकीखाली कातडी मऊ ठेवणारं एकेक तेल, नाहीतर मेण. दोन दिवसांनी पट्ट्या काढून ती बोटानं चाचपून बघायची. "पाठ ताठ करा बरं, काका. माप घ्यायचंय," अशी थट्टाही करायची. नियम एकच: कातडी बिथरली की नाव यादीतून कायमचं बाद.

या खेपेला चौथा चौकोन पहिल्याच संध्याकाळी चुरचुरायला लागला. मास्तर मूग गिळून बसले.

पट्ट्या निघाल्या आणि मुलीचा हात थबकला. "अगंबाई! चौथा लालभडक झालाय. खाज सुटली होती?"

"छे गं! टेपची कड टोचत होती, म्हणून मीच फूटपट्टीनं खाजवलं. गाढवपणा माझा."

"तुम्ही पण ना, काका! म्हणजे मेणाचा दोष नाही." तिनं पेन उचललं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"कसलं मेण गं ते?" त्यांनी सहज विचारलं.

"लोकरीतून काढलेलं. बहुतेकांना सोसतं, एखाद्याला नाही. तान्ह्या बाळांच्या क्रीममध्ये घालायचंय."

मास्तरांना शर्टाचं बटण लागेना. तान्हं बाळ कुठे सांगणार, चुरचुरतंय म्हणून?

"लिहू नकोस, पोरी. खोटं बोललो मी. फूटपट्टी लावलीच नाही. पहिल्या संध्याकाळपासून आग होतेय."

"मग फोन का नाही केलात?"

"यादीतून काढलं असतंस. मग मी जायचं कुठे?"

चौथ्यासमोर तिनं खरं ते लिहिलं आणि त्यांच्या नावावर रेघ ओढली. मग मलमाची ट्यूब हातात देत म्हणाली, "दिवसातून दोनदा लावून घ्या. घरी लावायला आहे ना कोणी?"

"आहे की," मास्तर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी शर्ट काढला, फूटपट्टीच्या टोकावर मलम घेतलं आणि हात मागे नेला. दोनदा पट्टी भलतीकडेच लागली.

"पाठ ताठ करा बरं, काका," ते मोठ्यानं म्हणाले, आणि पुन्हा हात मागे नेला.