शिवलेले खिसे

"सकाळी सकाळी कात्री कशाला गं?" पलंगावरून आईने विचारलं.

"कोटाचे खिसे उसवतेय."

"चांगले शिवलेले खिसे? धन्य आहे बाई तुझी!"

लुत्गार्डने पुढचा टाका कापला. नव्या कोटाचे खिसे टाके घालून बंद केलेले असतात. पहिल्यांदा घालायच्या वेळी ते उसवायचे. हा कोट घेऊन चौदा वर्षं झाली होती, तरी टाके तसेच होते.

वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी ही बाई, आणि कपाटात नामांकित फॅशन डिझायनर हेडविग स्तासने बेतलेले सात कपडे! अँटवर्पला वर्षातून एकदा स्तासबाईंच्या उरलेल्या मालाची स्वस्तात विक्री लागे. कपडे बदलायला आडोसा नसे, बायका रांगेतच उभ्या राहून अंगावर चढवून बघत. तिथेच, हा कोट घालून बघताना, खुद्द स्तासबाईंनी तिची कॉलर उभी केली होती. "आरशात काय बघतेस? खिशात हात घाल आणि चाल. माझा कोट चालताना कळतो." लुत्गार्ड लाजून चूर झाली. खिसे तर बंद होते.

त्याच वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. मग चालणं उरलं ते कामावर, आणि पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत.

स्तासबाई मंगळवारी गेल्या. आज रविवारी दोन वाजता अंत्यदर्शन होतं, त्यांनी बेतलेलं काहीतरी घालून या, असं पेपरात आलं होतं. आईपाशी बसायला धाकटा भाऊ वाल्तेर बारालाच येणार होता.

साडेबाराला त्याचा फोन आला. मागे टाळ्या नि कर्णा.

"ताई, अगं सायकलशर्यत! रस्ते अडवलेत. साडेतीनपर्यंत पलीकडेच अडकलो बघ."

"शर्यत दरवर्षी याच रविवारी असते, वाल्तेर!"

"मग तुझ्या तरी कुठे लक्षात राहिलं?"

ते खरं होतं. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये रस्ता पायी ओलांडता येतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"हातात बिअर आहे ना?"

"एकच! आणि त्या बाईला आता काय कळणार, तू आलीस की नाही ते?"

तिने फोन ठेवला. संताप इतका, की रडूही फुटेना. तरी तिने कोट घातला. खांद्यावर तो अगदी चपखल बसला. दाराच्या कडीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

"सायकली येतायत वाटतं," आतून आई म्हणाली. "मला खिडकीशी ने गं."

लुत्गार्ड परत फिरली. एक हात आईच्या काखेत, दुसरा पाठीमागे घालून तिने तिला उभं केलं आणि खिडकीशी नेलं.

"कोट छान आहे. पण घरात घालतं का कुणी?"

सायकलींचा घोळका सर्रकन निघून गेला.

"संपलं?"

"नाही आई. अजून फेऱ्या आहेत."

"मग थांबू इथेच."

चर्चच्या घड्याळात दोनचे ठोके पडले. कोटाचे खिसे दोन्ही बाजूंना उघडे होते, आणि लुत्गार्डचे दोन्ही हात आईला धरून होते.