फक्त हात दिसतील

नलिनीने सुईच्या टोकावर जांभळे मणी एकदम उचलले, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. मणी तसेच सुईवर पेलत तिने मान वर केली. पार्ल्याच्या खांबेटेबाई. फोनवरच्या आवाजावरून तिने चांगली जाडजूड बाई डोळ्यांसमोर आणली होती. प्रत्यक्षात त्या काडीसारख्या निघाल्या आणि वाकोल्याच्या तीन मजल्यांनी पार दमून गेल्या होत्या.

"लिफ्ट बंद आहे का हो?"

"चालू असते कधीकधी. बसा ना, पाणी आणते."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून खांबेटेबाईंनी मण्यांच्या माळा सांगितल्या होत्या. नलिनीने त्या जुन्या चादरीवर मांडून ठेवल्या होत्या, रंगारंगाने. मणी स्वस्तातले, मालाडहून आणलेले. पण प्रत्येक माळेत मधोमध एक शेवंतीचं फूल. ती पाकळी तिला कोणी शिकवली नव्हती. कधीतरी मोडीत निघालेली एक मण्यांची पर्स तिने धाग्याधाग्याने उसवून पाहिली होती, तेव्हा ते वळण हाताला सापडलं होतं.

खांबेटेबाईंनी एक माळ उचलली, सुरेख म्हणाल्या, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा नलिनीच्या गळ्याकडे जात होती.

"एक बोलू? तुम्ही मंगळसूत्र घालता, ते फार आवडलं मला."

नलिनीचा हात आपसूक गळ्याशी गेला. "हे? साधंच आहे हो."

"साधं कसलं! काढलं नाहीत, हेच मोठं."

"का काढू?"

"तेच तर म्हणते मी! का काढायचं बाईने? आणि हळदीकुंकवालासुद्धा यायचं तुम्ही. कोणी काही बोललं तर मी बघून घेईन."

पार्ल्यात मंगळसूत्र घालायलाही धीर लागतो की काय, असं नलिनीच्या मनात आलं. ती नुसतीच हसली. एवढ्यात कोथिंबिरीची जुडी आणि खारीचा पुडा घेऊन गुणाजी आत आला. साकीनाक्याची कंपनी बंद पडल्यापासून दुपारची ही खरेदी हीच त्याची ड्युटी होती.

"अगो, कोण इलासा? चाय टाक मां."

"हे...?" खांबेटेबाई म्हणाल्या.

"आमचे हे. श्रुतिकाचे बाबा."

खांबेटेबाईंच्या हातातली माळ चादरीवर पडली. पाय उलटे आहेत का बघावं, तसं त्यांनी गुणाजीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पर्समधून मोबाइल काढला आणि नलिनीपुढे धरला.

नलिनीचेच हात होते. सुई मण्यांत शिरत होती, बाहेर येत होती. वर लेकीचा आवाज: "ही माझी आई. बाबा अचानक गेले आणि आमचं घर गप्प झालं. मग एके दिवशी आईने मणी हातात घेतले..." आवाज एके ठिकाणी छान कापत होता. शाळेत असताना नाटकात घ्या म्हणून ही पोरगी बाईंच्या मागे लागायची, ते नलिनीला आठवलं.

व्हिडिओतली मनगटं उघडी होती. 'आई, बांगड्या काढ ना, माइकमध्ये वाजतात. फक्त हात दिसतील.' साबण लावून तिने बांगड्या उतरवल्या होत्या. एक तर वाढवावी लागली होती.

"मी हे सगळ्या मैत्रिणींना पाठवलंय," खांबेटेबाई म्हणाल्या. "वाण देताना तुमच्याबद्दल दोन शब्द बोलणार होते. आता काय बोलू?"

"माळांबद्दल बोला. हे फूल बघा, धागा उलट फिरवून पाकळी घेतलीय. अशी बाजारात..."

"छानच आहेत हो." त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "पण छान माळा काय, दादरलाही मिळतात."

खोचून नाही बोलल्या, जे होतं तेच बोलल्या. माळा त्यांनी सगळ्या नेल्या. हळदीकुंकवाचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी श्रुतिका बीकेसीच्या ऑफिसमधून आली, तेव्हा नलिनी चादरीवर तशीच बसली होती.

"बापाला मारलंस तू?"

श्रुतिकाने बॅग खाली ठेवली. कळायला तिला वेळ लागला नाही.

"आई, अगं मार्केटिंग असतं ते. सगळेच स्टोरी लावतात. आणि मी नाव कुठे घेतलंय बाबांचं?"

"दुसरा कोण बाप आहे तुला?"

"बाबांना विचारूनच केलंय. विचार त्यांना."

गुणाजी चहात खारी बुडवत होता. "मी काय खराच मेलंय?" तो खुशीत हसला. "माळ खपता मां? मगे झाला तर! आणि टॉर्च कोणी धरलो? मीच मां!"

टॉर्च. व्हिडिओ काढताना तो धरून गुणाजी तिच्या खांद्यामागे उभा होता, हात जराही न हलवता. एवढ्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच आपल्या कामापाशी येऊन उभा राहिला, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. हौसेने तिने रात्री घावणे केले होते. याने चार जास्त खाल्ले होते.

"आधी नुसत्या माळांचे फोटो टाकायचे मी," श्रुतिका हळू आवाजात म्हणाली. "कोणी विचारलंसुद्धा नाही गं. तुला कसं सांगणार?"

नलिनीने सुई हातात घेतली. मणी उचलले, पुन्हा वाटीत सोडले.

ऑर्डरचा फोन वाजला. श्रुतिका उचलायला पुढे झाली, पण फोन नलिनीच्या गुडघ्यापाशी होता. हात कामात असत म्हणून ती नेहमी स्पीकरवरच बोलायची. आजही तिने तेच बटण दाबलं.

"काकू? तुमचा व्हिडिओ बघितला." पोरसवदा, हळवा आवाज. "रडूच आलं मला, खरंच. माळ हवीच आहे, पण आधी सांगा ना, तुमच्याजवळ कोण असतं आता घरी?"

श्रुतिकाने तिथूनच हात जोडले. गुणाजी मिशीत हसत होता. आता बायको काय उत्तर देते, याची त्याला गंमत वाटत होती. नलिनीने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काकू, आहात ना?"

"आहे. कोणी नसतं."

गुणाजीच्या बोटांतली खारी तुटून चहात पडली. ती काढायचं त्याला सुचलं नाही.

"एकटीच असते मी," नलिनी म्हणाली. "रंग कोणता हवाय तुम्हाला?"