बाबांचा उजवा कान आणि मी

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुना सायलेन्सर आहे. जन्मभर इंजिनाला गप्प करत आलो आणि आज स्वतःच बडबडायला बसलो आहे. पण काय करणार? गाडीची गोष्ट निघाली की लोक इंजिनाचं कौतुक करतात, चाकांचं करतात, रंगाचं तर विचारूच नका. सायलेन्सरची आठवण कधी होते? तो फुटला की! म्हणून आज जरा माझंही ऐका.

तुमच्यापैकी काहींना मी कुठे असतो हेसुद्धा ठाऊक नसेल. गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला एक लांबट डबा असतो ना, तो मी. इंजिनात पेट्रोलचे छोटे छोटे स्फोट होत असतात. तो सगळा धडधडाट आणि तापलेला धूर माझ्या पोटात येतो. माझ्या आत भोकं पाडलेली एक नळी आहे आणि तिच्याभोवती काचेचा कापूस ठासून भरलेला आहे. आवाज त्यात शिरतो, इकडेतिकडे डोकं आपटतो, थकतो आणि मऊ होऊन बाहेर पडतो. वरून उष्णता, खालून दगड आणि चिखल. सगळं सोसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

मी मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही बरं का. मला एका माणसानं हातानं घडवलं. सायलेन्सर बनवणं हाच त्यांचा धंदा. गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणत, त्यांची मुलगी बाबा म्हणे. मीही मनातल्या मनात बाबाच म्हणतो, कारण मला जन्म दिला तो त्यांनीच. पत्रा कापायचा, ठोकून ठोकून गोल करायचा, कडा जुळवायच्या, वेल्डिंग करायचं. अख्खं आयुष्य त्यांनी हेच केलं. लोकांच्या गाड्या शांत केल्या आणि त्या ठोकाठोकीत स्वतःचे कान घालवून बसले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! डावा कान पार गेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी उरली होती. कानाच्या डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हाही हळूहळू जाईल. जे बोलायचं असेल ते बोलून घ्या."

ऐकू येण्याचं मशीन आणलं होतं. पण "हे लावलं की चमचा पडला तरी छप्पर कोसळल्यासारखं वाटतं," असं म्हणून बाबा ते खिशातच ठेवायचे. घरात पंखा आणि भांडी, दुकानात हातोडे. मुलगी विचारायची एक आणि बाबा सांगायचे भलतंच. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्याचं तोंड हलताना दिसलं की हसायचं आणि मान डोलवायची. "हो हो, बरोबर!" समोरचा खूश आणि बाबा सुटले.

ही मुलगी म्हणजे ठमी. नाव वेगळंच होतं, पण बाबा 'ठमे' म्हणून हाक मारत, म्हणून सगळ्यांचीच ती ठमी झाली. चांगली कर्ती बाई, इंजिन जुळवण्यात एकदम पटाईत. तिनं आणि बाबांनी मिळून भंगारातून एक जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली होती. दोनच सीटची, बुटकी, गडद हिरवी. तिचा मूळचा सायलेन्सर गंजून त्याची चाळण झाली होती, म्हणून बाबांनी मला बनवलं. काम संपल्यावर मला एक टिचकी मारली, उजवा कान माझ्यापाशी आणला आणि म्हणाले, "बरा झालायस." मित्रांनो, माझ्या बनवणाऱ्यानं केलेलं माझं कौतुक ते एवढंच, पण मला ते अजून पुरतं आहे.

मग एक गंमत झाली. पहिल्या फेरीला ठमी गाडी चालवत होती आणि बाबा तिच्या डावीकडे बसले होते. म्हणजे त्यांचा चांगला कान नेमका तिच्या बाजूला! काचा बंद, आणि इंजिन माझ्यामुळे अगदी हलकं गुरगुरतंय. ठमी सहज म्हणाली, "बाबा, ब्रेक उजवीकडे ओढतोय का हो?"

"ओढतोय कसला, पळवून नेतोय!" बाबा म्हणाले.

ठमीनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. खोटं कशाला सांगू? किती तरी दिवसांनी तिच्या प्रश्नाला त्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं फेरफटका मारायला निघत. मी सीटच्या मागेच, खाली. सगळं कानावर यायचं. ठमीची आई किती चिडकी होती आणि किती गोड होती, बाबांनी तिला पहिल्यांदा कुठे पाहिलं, शेजाऱ्यांच्या भिंतीचं भांडण, ठमीला लग्न का करायचं नाही, सगळं. अख्ख्या जगात त्या दोघांना बोलायला हीच एक खोली होती. आणि बाहेरचा गोंगाट अडवून धरणारं त्या खोलीचं दार म्हणजे मी. गर्व वाटायचा मला, का वाटू नये?

पण रविवार नुसता माझा नव्हता. फेरी संपवून गाडी दुकानात आली की गाडीवेड्यांचा अड्डा भरायचा. त्यात दोघं मुख्य. एक दातांचे डॉक्टर आणि दुसरे बेकरीवाले शेठ. डॉक्टरांना प्रत्येक गाडीला टर्बो लावायचा असायचा. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. शेठना तो शब्द ऐकला तरी कपाळशूळ उठायचा.

"इंजिनाला आपल्या श्वासानं श्वास घेऊ द्या हो डॉक्टर! ताकद हवी तर मोठं इंजिन बसवा. हे काय, तोंडात हवा कोंबायची?"

"तुम्ही भट्टीला पंखा लावता तेव्हा नाही वाटत लाज? पाव तुमचा, तो आपोआप फुगतो काय?"

"पावाला कुठे शर्यतीत धावायचंय!"

चहा निवायचा, बिस्किटं संपायची, वाद मात्र तिथल्या तिथे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असाच सगळा प्रकार. एका गोष्टीवर मात्र दोघांचं अगदी गुळपीठ होतं. मला काढून टाकलं पाहिजे! "सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या नाकाला चिमटा," डॉक्टर म्हणायचे. आणि शेठ लगेच, "अगदी खरं." वा रे वा! गाडीवेड्यांचा हा एक ठरलेला भ्रम बघा. आवाज वाढला की त्यांना वेगही वाढल्यासारखा वाटतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे त्यांना शाळेत कुणी शिकवलंच नसावं. पण खोटं बोलणार नाही, मी निघालो तर ताकद किंचित वाढते. अगदी किंचित.

आणि नेमकी तेवढीच ठमीला हवी होती. टेकडीच्या रस्त्यावर चढाईची शर्यत होती. दूरच्या शहरातल्या एका शर्यतीच्या चमूचे लोक ती बघायला येणार होते. पहिली आलीस तर इंजिनं जुळवायला आमच्याकडे ये, असं त्यांनी तिला फोनवर सांगितलं होतं. लहानपणापासून तिला हेच तर करायचं होतं. बाबांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. आधी बोलून नाट लागायला नको, म्हणाली. बाबांना एवढंच ठाऊक होतं की शर्यत आहे आणि पोरीला ती जिंकायची आहे.

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि हातानंच विचारलं, काढू का? बाबांनी पाना स्वतःच्या हातात घेतला. नट गंजलेले होते, त्यावर तेल सोडलं, हळूहळू सैल केले. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! ज्यानं घडवलं त्यानंच काढावं? माझ्या जागी एक सरळसोट, चकचकीत नळी बसवली. कानामागून आली आणि तिखट झाली! तिनं असा काही गळा काढला की समोरच्या दुकानाच्या काचा थरथरल्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. शेठ म्हणाले, "आता कशी वाघीण वाटते!"

मला फळीवर ठेवलं. सगळे गेल्यावर बाबा आले आणि जुन्या सदऱ्यानं माझ्यावरची काजळी पुसू लागले. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं स्वतःशी पुटपुटणंही मोठ्यानं असतं. "पोरीला जिंकायचंय रे," ते मला म्हणाले. "आमच्या गप्पा काय, होतील नंतर." तेव्हा मला कळलं. आपण काय घालवतो आहोत हे या माणसाला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण त्यांच्या कानाला 'नंतर' नव्हता, मित्रांनो. मला त्याचीच भीती वाटत होती.

त्यानंतरचे रविवार त्या नळीचे होते. ठमी सरावाला जायची, बाबा शेजारी बसायचे. मला हे नंतर कळलं, ती ओरडून बोलायची आणि बाबा हसून मान डोलवायचे. गाडीत त्यांना ऐकू येतं ही तिची खात्रीच होती, म्हणून तिला वेगळं काही जाणवलं नाही.

शर्यतीच्या दिवशी ती पहिली आली! गाडी दुकानात शिरली तेव्हा एकच जल्लोष झाला. डॉक्टर म्हणाले नळीमुळे, शेठ म्हणाले आपण पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर जुळवला त्यामुळे, आणि दोघांची लगेच जुंपली. ठमीनं त्यांना हातानं थांबवलं. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"ऐका तरी! मला चमूत घेतलं. महिनाअखेर जायचंय. वाटेत बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. आणि बाबांनी एका दमात हो म्हटलं!"

डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काका, अभिनंदन! पण ठमी गेल्यावर तुम्हाला करमायचं कसं?"

बाबांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग ठमीकडे.

"कुठे चाललीय ठमी?"

एरवी एकमेकांना श्वास न घेऊ देणारे डॉक्टर आणि शेठ खाली फरशीकडे बघू लागले. ठमीचा चेहरा मला फळीवरून दिसत होता. तो तुम्हाला न दिसलेलाच बरा. तिनं बाबांकडे पाहिलं, त्या नळीकडे पाहिलं, आणि तिला सगळे मुके रविवार एकदम समजले. मग ती फळीपाशी आली, मला खाली काढलं आणि जॅक लावून गाडीखाली शिरली.

"अगं, नळी गरम आहे अजून! आणि ताकद कमी पडेल ना," डॉक्टर हळूच म्हणाले.

"पडू दे," ती खालून म्हणाली. तिचा हात भाजला, तरी थांबली नाही. शेठनी मुकाट्यानं टॉर्च धरला आणि डॉक्टर एकेक पाना हातात देत राहिले. मनानं वाईट नव्हतेच हो ते, नुसते गाडीवेडे.

मग ती बाबांना घेऊन निघाली. काचा बंद केल्या. मी तर त्या दिवशी जीव एकवटून गप्प बसलो. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. शर्यत, चमू, दूरचं शहर. शेवटी म्हणाली, "आणि ऐकू आलं नव्हतं तर हो कशाला म्हणालात?"

"तू हसत होतीस ना," बाबा म्हणाले. "एवढं हसत हसत माणूस वाईट काय सांगणार? म्हटलं, असेल ते असो, हो म्हणून टाकावं."

ठमीला पुढचं दिसेना. तिनं गाडी थांबवली. इंजिन चालू होतं आणि मी त्याला अगदी तळाशी दाबून धरलं होतं.

"बाबा, मग आता सांगा. जाऊ का?"

"करमणार नाही मला," बाबा म्हणाले. "पण जा. आता ऐकून सांगतोय. जा."

ती गेली. दर महिन्याला येते, आणि आली की पहिली फेरी गाडीतून, काचा बंद करून. बाबांचा कान आता आणखी थकला आहे. तिला एकेक वाक्य दोनदा सांगावं लागतं. मीही थकलो आहे. खालच्या शिवणीवर गंज चढला आहे, बारीक भोक पडलं आहे, आतला कापूस जळत चालला आहे. परवा डॉक्टर म्हणाले, "आता नवा बसवा की." नवा बसवा, जरूर बसवा, माझी ना नाही. पण तोवर त्या भोकावर कुणीतरी एक ठिगळ मारा. त्यांचा कान आहे तोवर मला फुटायचं नाही, एवढीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, मोठे व्हा, वेगवान गाड्या बनवा, टर्बो बरा की मोठं इंजिन यावर मनसोक्त भांडा. फक्त तुमच्या शेजारी बसलेलं माणूस जेव्हा हसून "हो हो" म्हणेल, तेव्हा गाडी जरा बाजूला घ्या आणि त्याला विचारा, तुम्हाला ऐकू आलं ना?