झाकलेला ठोका

नगारेकाकांचा हात कापायला लागला होता, पण त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे, उंचावर, तांब्याच्या मोठाल्या नगाऱ्यांमागे ते उभे राहायचे. कागदोपत्री टिंपनीवादक, बाकी सगळ्यांचे नगारेकाका. नगाऱ्यांची गंमत अशी, की गडगडाटात कापरा हात खपून जातो. काठ्या भराभर पडत असतात, कोण बघतंय! उलट एक व्हायोलिनवाला म्हणालासुद्धा, "काका, या वयात काय हात चालतो हो तुमचा!" काका हसले. काय करणार बिचारे.

पण या वेळची रचना दगाबाज निघाली. शेवटी वाद्यं एकेक करून गप्प होतात आणि उरतो फक्त नगाऱ्याचा एक हलका ठोका. त्याच क्षणी एकाच डबल बासची, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनची, तार छेडायची, की संपलं. तिथे लपायला जागाच नाही.

आणि बासवर कोण? त्यांचीच लेक, अगदी त्यांच्या पुढ्यात. वर्षभराच्या बोलीवर घेतली होती. या कार्यक्रमानंतर तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते कंडक्टर ठरवणार होते.

तालमीत कंडक्टरनी हात थांबवला. "बास, फार मोठं! तार छेडायचीय, दार ठोठावायचं नाहीये." सगळे हसले. पुन्हा वाजवलं, पुन्हा मोठं. "कान आहेत ना तुला? कार्यक्रमात असंच झालं तर मला वेगळा विचार करावा लागेल."

काकांचं डोकंच फिरलं. मधल्या सुट्टीत त्यांनी पोरीला फैलावर घेतलं. "हळू म्हणजे हळू! एवढंसं जमत नाही? माझी लाज काढतेस!"

त्यांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. तिने कप हळूच काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. काकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

म्हणजे हिला माहीत होतं. एकदा पडायची काठी थरथरून दोनदा पडत होती, आणि तो दुसरा आवाज ही आपल्या तारेखाली झाकत होती. बापाची नोकरी टिकावी म्हणून स्वतःची पणाला लावून बसली होती, गाढव कुठली!

"हे बंद कर," काका म्हणाले.

"कशाबद्दल बोलताय?"

"उद्या शेवटचा ठोका मी देणारच नाही. मोठ्याने छेडलीस तर तूच उघडी पडशील."

"काहीतरीच! जन्मात कधी ठोका सोडलाय तुम्ही?" म्हणाली आणि तरातरा निघून गेली. हट्टीपणात कुणावर गेली होती, ते सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. गडगडाट झकास झाला. मग वाद्यं थांबत गेली. कंडक्टरची नजर काकांकडे वळली. लेकीने तारेवर बोट ठेवलं आणि न राहवून मागे बघितलं. काकांनी काठ्या खाली ठेवल्या होत्या. दोन्ही हात नुसते लोंबत होते.

तार वाजली. हलकी, स्वच्छ, जशी हवी होती अगदी तशी.

टाळ्या संपल्यावर कंडक्टर मागे आले. "काका, ठोका?"

"मोजायला चुकलो."

"तुम्ही?" कंडक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "उद्या ऑफिसात या, बोलू." जाता जाता म्हणाले, "लेकीने मात्र आज सुंदर वाजवलं."

काकांनी मान हलवली. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला, पण छातीत नुसतं भकास वाटत होतं. लेक बास भिंतीला टेकवून जवळ आली. डोळे लाल झाले होते.

"किती एकटं वाजलं हो ते, बाबा."

"आता तसंच वाजणार. सवय कर," काका म्हणाले, आणि सगळ्यांदेखत पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.