वरच्या खणातलं मडकं

मी सागाची आलमारी बोलतेय. बालाघाटात शेवंताबाईच्या घरामागच्या छपरीत मला टेकवून ठेवलंय. एक पाय वाळवीनं खाल्ला, त्याच्या जागी वीट सारली आहे. पोटात फाटक्या चपला, रॉकेलचा डबा आणि अंड्यांवर बसलेली एक कोंबडी. कोंबडीबद्दल माझी काही तक्रार नाही, बिचारी मुकाट बसते. तक्रार माणसांबद्दल आहे. तेवीस वर्षं मी दारं लावून गप्प राहिले. आता दारंच निखळली, तर बोलूनच टाकते.

लामत्याकडच्या जंगलातलं माझं लाकूड. शेवंताचे वडील पुनाराम जंगलकटाईच्या कामावर होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी साग पाडले, पण स्वतःच्या घरात बसायला धड पाटही नव्हता. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र हट्टाला पेटले. परसवाड्याच्या मोतीलाल सुताराला म्हणाले, "माह्या पोरीच्या घरी दाना ठेवाले जागा पाह्यजे. बाकी काही दिलं नाही तं चालन." मोतीलालनं मला तीन खण दिले, जाळीची दारं दिली आणि लोखंडी कड्या लावल्या. बैलगाडीत बसून मी शेवंताबरोबर सासरी आले. ती रडत होती आणि मी नव्या पॉलिशच्या वासात ऐटीत होते.

नवरा तेजराम, लाकडाच्या डेपोवर चौकीदार. सासू जिजाबाई. पगार एक तारखेला.

जिजाबाईनं आल्याबरोबर माझा वरचा खण देवांसाठी घेतला. रोज भात टाकताना ती मूठभर तांदूळ बाजूला काढून देवांपुढच्या वाटीत ठेवी आणि दारी कोणी मागायला आलं की त्याच्या पदरात घाली. ती धर्माची मूठ. दोन वर्षांनी, छप्पन साली, तेजराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. देव फडक्यात बांधून वैनगंगेत सोडले. म्हातारी एक दिवस रडली, मग तिनंही पंचशील घेतलं. वरचा खण रिकामा झाला. तरी येता-जाता तिचे हात माझ्यापुढे जोडले जायचे, आणि मग तीच स्वतःला हसायची.

त्या रिकाम्या खणात शेवंतानं एक मडकं ठेवलं. इथून माझं रडगाणं सुरू होतं.

पहिल्या आठवड्यात माझं पोट भरलेलं असायचं. खालच्या खणात तांदूळ, मधल्यात लाखोळीची डाळ, मिरच्या, तेलाची बाटली. पंधरा तारखेला डाळीचा डबा वाजायला लागायचा. वीस-बावीसला खालच्या खणाची फळी दिसायची. शेवंता रोज सहा गिलास तांदूळ मापायची आणि त्यातून दोन मुठी परत काढून वरच्या मडक्यात टाकायची. सकाळी दोन, सायंकाळी दोन. महिन्याचा शेवटचा आठवडा त्या मडक्यावर निघायचा. त्यात कनकी, म्हणजे गिरणीतला तुटका तांदूळ, मिसळायची, पेज करायची, पण चूल एक दिवस थंड राहिली नाही.

शेजारचे तेजरामला म्हणायचे, "काय गा, तुह्या घरी तं महिनाअखेरीलेही भात शिजते!" आणि हा मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "घर चालवाले अक्कल लागते." अक्कल! माझ्या कड्या करकरायच्या रागानं. आलमारीत काय आहे हे त्यानं कधी वाकून पाहिलं नव्हतं.

आता मी विचारते, सहा गिलासातून दोन मुठी काढल्या, तर भात कोणाचा कमी झाला? तेजरामचा नाही, त्याला आधी वाढलं जायचं. म्हातारीचा नाही. थोरली साधना, धाकटं बाळ, त्यांचा तर नाहीच. कमी पडायचं ते हांडीच्या बुडाशी, आणि बुडाशी कोण असतं? बाई खरवड काढायची, पाण्यात मीठ टाकून ती खायची आणि उठून भांडी घासायला घ्यायची. मी जाळीतून सगळं पाहायचे. बोलायला तोंड नव्हतं, नाहीतर त्या घराचं छप्पर उडालं असतं.

सदुसष्ट सालची गोष्ट. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, तांदूळ मिळेना. बाळ सात महिन्यांचं, अंगावर पिणारं. एप्रिलची बावीस तारीख होती आणि खालच्या खणात दोन वेळचा तांदूळ उरला होता. वरचं मडकं मात्र गळ्यापर्यंत भरलेलं. शेवंतानं सकाळीच त्यावर हात ठेवून बोटांवर दिवस मोजले आणि हलकं हसली. निघतील आठ दिवस.

दुपारी वॉर्डात विहाराची सभा झाली. भिंती उभ्या होत्या, पावसाच्या आधी छप्पर चढवायचं होतं. श्रमदानाला येणाऱ्यांच्या जेवणासाठी घरोघरून तांदूळ मागितला. कोणी ओंजळ बोललं, कोणी शेर. आमचा तेजराम उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माह्याकडून पायलीभर!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की त्या माणसाला पुढचं काही दिसत नसे.

शेवंता बाळाला घेऊन नदीवर धुणं धुवायला गेली होती. तेजराम घरात आला, माझ्यासमोर उभा राहिला, खालचा खण उघडला. जिजाबाईनं विचारलं, "काय पाहून राह्यला बापू?"

"तांदूळ पाह्यजे माय. विहारासाठी बोललो मी."

"खालचा नोको घेऊ, तो खायाचा हाय," म्हातारी म्हणाली. "वरचं मडकं ने. मुठीचा तांदूळ धर्माचाच असते."

तिच्या मनात खोट नव्हती, हेही मी सांगते. तिच्या कारभारात वरच्या खणातली मूठ देवाची होती. देव गेले, सवय राहिली. सून मूठ काढते म्हणजे धर्मालाच काढते, असंच ती अकरा वर्षं समजत होती. पण अगं बाई, विचारायचं तरी एकदा! मी माझी कडी घट्ट धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. मोतीलालचं काम चोख, कडी लोण्यासारखी निघाली. तेजराम मडकं खांद्यावर घेऊन गेला.

सायंकाळी शेवंतानं तांदूळ मापला, दोन मुठी काढल्या आणि हात वर नेला. हात रिकाम्या फळीवर फिरला.

"आत्याबाई, मडकं कुठी गेलं?"

जिजाबाईनं कौतुकानं सगळं सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं. शेवंतानं हातातल्या दोन मुठी पुन्हा हांडीत सोडल्या आणि माझं दार हळू लावलं. त्या वेळी मला तिचाही राग आला. ओरड की बाई! आपट एखादं भांडं! पण तिनं चुलीत फुंकर घातली, बस.

तेवीसला उरलेला तांदूळ संपला. चोवीसला कनकीची पेज. पंचवीसला माझ्या कोपऱ्यातली मोहफुलं निघाली, उकडून पोरांना दिली. लाखोळीच्या डाळीत पाणी वाढत गेलं. बाळ छातीला लागायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा लागायचं. त्याचं रडणं मला आजही आठवतं. शेवंता त्याला खांद्यावर टाकून येरझारा घालायची आणि माझा आधार घेऊन मध्येच थांबायची.

सव्वीसला दुपारी तेजराम जेवायला बसला. ताटलीत पुन्हा पेज, तीही पाण्यासारखी.

"हे काय? आजबी पेजच? भात काहून नाही?"

"भात तुमी देऊन टाकला," शेवंता म्हणाली.

"मी? मी तं मुठीचा तांदूळ देल्ला."

"हौ. ते मूठ कोनाच्या ताटातली व्हय, कधी इचारलं?"

जिजाबाई मध्ये पडली, "अवं, ते तं धर्माची मूठ..."

"धर्माची नाही आत्याबाई. माह्या पोटाची व्हय."

मग साधना बोलली. दहा वर्षांची पोर, पण नजर माझ्यासारखी. "बाबा, माय चार दिसापासून पान्यात मीठ टाकून पेते. मी पाह्यलं."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तेजरामची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा उठेल, विहारात जाईल, चार शब्द बोलेल. तो म्हणाला, "पन देल्लेलं दान वापस कसं मांगू? चार लोकात नाक कापल्या जाईन माहं."

नाक! बाळाच्या तोंडात दूध नाही आणि ह्याला नाकाची पडली आहे! मला पाय असते तर मी स्वतः चालत गेले असते. तीन खण दिलेत मोतीलालनं, दोन पाय का नाही दिले धड चालणारे?

शेवंतानं बाळाला काखेत घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात बाहेर पडली. शेजारची चंपाबाई तिच्यामागं गेली. पुढचं मला चंपाबाईनंच ऐकवलं, माझ्याच समोर बसून, दहा वेळा तरी.

विहारात माणसं छपरावर होती. खाली मंडळाचे वडीलधारे दादाजी बसले होते. शेवंता जाऊन उभी राहिली.

"जय भीम, दादाजी."

"जय भीम. काय काम काढलं बाई उन्हाचं?"

"माहं मडकं पाह्यजे."

"ने ना. तिथी ठेवलं हाय कोपऱ्यात."

"तांदुळासकट पाह्यजे."

छपरावरची ठोकठोक थांबली. एक जण वरूनच हसला, "दान वापस नेते काय वो वहिनी?"

शेवंतानं वर पाहिलं. "ज्यानं देल्लं, त्याचं ते नव्हतंच. जिचं होतं, तिले कोनी इचारलंच नाही."

दादाजींनी बाळाकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे, जिथून बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. विचारलं, "घरी काय हाय?"

"मोहफूल. तेबी सकाळी सरलं."

म्हातारा स्वतः उठला, स्वतः मडकं उचलून आणलं. "अर्धा शिजून गेला बाई. उरला तेवढा ने. आन आमाले माफ कर. नाव पुकारलं, टाळ्या वाजवल्या, घरातल्या बाईले इचाराचं राहून गेलं."

"शिजला तो शिजला, दादाजी," शेवंता म्हणाली. "खानारे आपलेच लोक होते."

ती मडकं डोक्यावर घेऊन आली. चंपाबाई म्हणते, रस्त्यात तिनं मान एकदाही खाली घातली नाही. मडकं माझ्या वरच्या खणात परत आलं तेव्हा मी इतकी आनंदले की माझी कडी आपोआप लागली.

त्या सायंकाळी भात झाला. घरभर वास. शेवंतानं ताट वाढलं, आधी तेजरामला. तो खाली मान घालून म्हणाला, "तूबी बस."

"तुमी खाऊन घ्या. मी मंग बसन."

आणि तो जेवला! एकदाच म्हणाला, आणि जेवला. मी वाट पाहत होते की हात धरून बसवेल, ताट तिच्याकडे सरकवेल. नाही. तरी साधनानं आपल्या ताटातला भात आईच्या ताटलीत लोटला, तेवढंच. सत्तावीसला सकाळी शेवंतानं तांदूळ मापला आणि सवयीनं मूठ काढली. एक तारखेपर्यंत चूल पेटत राहिली.

पावसाळ्याआधी विहाराचं छप्पर झालं. दाराजवळ पाटी लागली, देणाऱ्यांच्या नावांची. त्यात लिहिलं आहे, "तेजराम चौकीदार, एक पायली तांदूळ." आजही आहे, साधना सांगते. अर्धा तांदूळ परत आला, नाव मात्र पुरं राहिलं. ते तरी कोणाचं!

दहा वर्षं झाली त्याला. जिजाबाई गेली. जाताना सुनेचा हात धरून म्हणाली, "माहं चुकलं वं." तिच्यावर माझा राग उरला नाही. बाळ दहा वर्षांचं झालं. साधना लालबर्र्याच्या शाळेत शिकवते, सुटीत घरी येते. घरात दोन पगार आहेत, लोखंडी आलमारी आहे, तांदळाचा डबा एवढा मोठा की झाकण दोन हातांनी उचलावं लागतं. म्हणून मी छपरीत.

आणि शेवंताबाई अजून शेवटी बसते. मागचं दार उघडं असलं की मला सरळ चूल दिसते. डबा भरलेला, हांडी भरलेली, नवरा आणि पोरं पोटभर जेवून उठतात आणि मग ती गार भात घेऊन एका कोपऱ्यात बसते. आता तर गरजही नाही! कोणी अडवत नाही तिला. पण कोणी बसवतही नाही. विचारलं तर म्हणते, "मले सवय झाली." ही सवय लागली कशी, ते मी पाहिलंय.

काल तेजराम अंगणात म्हणाला, "पानी याच्या आधी ते जुनी आलमारी फोडून टाकू. जाळाच्या कामी येईन." फोडा, बाबा. वाळवी लागलेल्या लाकडाला मरणाचं काय भय?

साधना, तुला मात्र एक सांगते, तुझी नजर माझ्यासारखी आहे म्हणून. माझ्या वरच्या खणाची फळी अजून चांगली आहे. आधी देवांनी आणि मग तुझ्या आईच्या मुठींनी जपली, तिला वाळवी शिवली नाही. कुऱ्हाड घालायच्या आधी ती काढून घे. कोणत्याही सुताराला दे, त्याचा पाट करून आण. तुझ्या आजोबांच्या घरात बसायला पाट नव्हता, हे विसरू नको. त्या पाटावर तुझ्या आईला बसव, सगळ्यांच्या आधी, ती नाही म्हणाली तरी हात धरून बसव. हांडीचा वरचा, वाफेचा भात तिच्या ताटात पडू दे. आणि तो भात शिजवायला माझीच बाकीची लाकडं लाव.